टायको चुकला, पण तो मूर्ख होता काय?

विद्यार्थी मित्रांनो, शास्त्रज्ञांच्या गोष्टी तुम्ही आवडीने वाचता, आणि त्या वाचाव्यातच. पण त्यांतल्या पुष्कळशा गोष्टी नाटकासारख्या रचलेल्या असतात. एक नायक असतो. त्याला सत्य गवसलेले असते. त्याला विरोध करणारे मात्र सगळे हटवादी, अंधश्रद्ध किंवा मत्सरी असतात. शेवटी नायकाचा जय होतो आणि विरोधकांना आपण मनातल्या मनात हसतो. माझ्या मते अशा गोष्टींत अनेकदा एका पक्षावर अन्याय होतो. त्याहून वाईट म्हणजे, विज्ञान कसे पुढे जाते याविषयी वाचकाची चुकीची समजूत होते.

टायको ब्राहे या डॅनिश ज्योतिर्विदाचे उदाहरण घेऊ. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला. टायकोचा जन्म १५४६ चा. कोपर्निकसचे विचार त्याने अभ्यासले होते, तरीही पृथ्वी फिरते हे त्याने मानले नाही. पृथ्वी स्थिर आहे, सूर्य तिच्याभोवती फिरतो आणि बाकीचे ग्रह सूर्याभोवती फिरतात, अशी रचना त्याने सुचवली. गोष्टीत एवढेच सांगितलेले असते. मग वाचकाला वाटते, जुन्या मतांना चिकटून बसलेला हा कोणी गृहस्थ असावा.

पण १५७२ साली आकाशात अचानक दिसू लागलेला नवा तारा चंद्राच्या पलीकडे आहे, हे मोजमाप करून दाखवणाऱ्यांत टायको प्रमुख होता. १५७७ चा धूमकेतूही चंद्रापलीकडचाच, असे त्याने दाखवले. चंद्रापलीकडे काहीच बदलत नाही, या ॲरिस्टॉटलच्या मताला त्यामुळे मोठा धक्का बसला. असा माणूस केवळ जुने म्हणून एखादे मत कवटाळून बसेल काय?

त्याची अडचण समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटा. समोरच्या भिंतीच्या संदर्भात अंगठा इकडून तिकडे सरकलेला दिसेल. या सरकण्याला पराशय म्हणतात. आता पृथ्वी जर सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांत ती कक्षेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते. तेव्हा जवळचे तारेही दूरच्या ताऱ्यांच्या संदर्भात सरकलेले दिसायला हवेत. टायकोच्या वेधांत असे सरकणे आढळले नाही. आणि त्याचे वेध त्या काळी सर्वांत अचूक होते. दुर्बिणीवाचून, नुसत्या डोळ्यांनी, तो सुमारे एक कलेपर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत कोन मोजत असे.

कोपर्निकसच्या पक्षाचे उत्तर होते की, तारे अतिशय दूर आहेत, म्हणून पराशय दिसत नाही. हे उत्तर बरोबर होते. पण टायकोजवळ त्यावरही प्रश्न होता. ठळक तारे डोळ्यांना सुमारे दोन कला रुंद दिसतात, असे त्याचे मोजमाप होते. पराशय एक कलाही नाही, याचा अर्थ त्या ताऱ्यावरून पाहिले तर पृथ्वीची कक्षा तेवढीही रुंद दिसणार नाही. मग दोन कला रुंद दिसणारा तारा पृथ्वीच्या सबंध कक्षेहून मोठा हवा! सूर्य त्यापुढे कःपदार्थ ठरेल. हे त्याला पटले नाही. त्या वेळी तुम्हाला किंवा मला तरी पटले असते काय?

या प्रश्नाचे उत्तर त्या काळी कोणाकडेच नव्हते. ताऱ्याची दिसणारी रुंदी खरी नसते. प्रकाशाचे तरंगरूप आणि डोळ्याची रचना यांमुळे तो बिंदू पसरलेला दिसतो. हे नीट उलगडायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. पराशयही १८३८ साली हाती लागला. हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय बेसेलने मोजला. तो कलेच्या साठाव्या भागाच्याही जेमतेम एक तृतीयांश भरतो. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे सोळा-सतरा किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढाच हा कोन. टायकोच्या उपकरणांना तो कसा सापडावा?

टायको बरोबर होता असे मी म्हणत नाही. तो चुकला. त्याने धर्मग्रंथांचाही आधार घेतला होता, हेही खरे. पण त्याने आपली बाजू मोजमापांनी मांडली, कोणाचे तोंड बंद केले नाही. १६३३ साली गॅलिलिओला आपले मत सोडायला लावून नजरकैदेत ठेवणाऱ्यांच्या रांगेत त्याला बसवणे योग्य नव्हे. उलट, त्याच्याच मंगळाच्या वेधांवरून केप्लरने ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे शोधले. गणित आणि वेध यांत आठ कलांचा फरक पडला, तेव्हा केप्लरने टायकोच्या वेधांवर विश्वास ठेवला आणि वर्तुळाकार कक्षा सोडून दिली. कोपर्निकसची बाजू पुढे बळकट झाली ती अशा रीतीने, विरोधकाच्या मेहनतीवर.

हे सांगण्याचे कारण दूरचे नाही. वर्गात एखादी मुलगी विचारते, "पृथ्वी फिरते तर आपल्याला कळत का नाही?" आणि वर्ग हसतो. प्रश्न उत्तम असतो. मोठमोठे विद्वान त्यावर अडले होते. पण विरोध करणारे ते मूर्ख, असे गोष्टींतून शिकलेली मुले शंका विचारणाऱ्यालाही मूर्ख समजतात. ती मुलगी पुन्हा प्रश्न विचारत नाही. याच गोष्टींचा दुसराही एक परिणाम होतो. "लोक मला हसतात, कारण मी कोपर्निकस आहे," असे म्हणत कोणीही निराधार कल्पना घेऊन उभा राहतो. लोक हसले म्हणून कल्पना खरी ठरत नाही, पुराव्याने ठरते.

म्हणून शिक्षकबंधू आणि भगिनींनो, अशी गोष्ट सांगताना हरलेल्या पक्षालाही दोन मिनिटे द्यावीत. आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी अशी गोष्ट वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. विरोध करणाऱ्याजवळ कोणती उपकरणे होती? त्याचा मुद्दा नेमका काय होता? आणि त्या मुद्द्याला उत्तर कोणी, केव्हा दिले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना बहुधा गोष्टीतला सर्वांत चांगला भाग तुमच्या हाती लागेल.