निर्मळ पाण्याचा दोष

गेल्या वर्षीं आमच्या धाकट्या नातवाच्या हट्टास्तव घरीं दोन सोनेरी मासे आले. दोन-अडीच महिने बरे गेले. पुढें पाण्यास किंचित् गढूळपणा आला. मुलांस स्वच्छतेचे पाठ देण्यांत आमचा जन्म गेलेला. आम्हांस तें पाहवेना. आम्हीं कांचेचें भांडें रिकामें केलें, तळचे खडे व गाळणींतील स्पंज नळाखालीं खसखसून धुतले, आणि नळाचें ताजें पाणी काठोकाठ भरलें. पाणी आरशासारखें झालें; परंतु त्याच सायंकाळीं मासे वर येऊन धापा टाकूं लागले. तिसऱ्या दिवशीं एक मेला. "आजोबा, तुम्ही पाणी इतकं स्वच्छ केलंत, मग तो का मेला?" ह्या प्रश्नास आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. शोध करितां जें कळलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

मासा ज्या पाण्यांत श्वास घेतो त्यांतच त्याचा मळही पडतो. त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया सारखा बाहेर पडत असतो. तो विषारी खरा, पण डोळ्यांस दिसत नाहीं. पाणी जितकें क्षारधर्मी व उष्ण, तितकें हें विष प्रखर. शिवाय उष्ण पाण्यांत प्राणवायूही कमी राहतो. म्हणून उन्हाळ्यांत विशेष जपावें.

ह्या विषाचा निचरा खड्यांवर व गाळणींत वसणारे सूक्ष्म जंतु करितात. कांहीं जंतु अमोनियाचें नायट्राइट बनवितात. तेंही घातकच, त्यानें रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति क्षीण होते. दुसरे जंतु त्याचें नायट्रेट करितात. तें पुष्कळ सौम्य असून थोडें थोडें पाणी बदलल्यानें निघून जातें. ही वसाहत बसण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. आम्हीं ती एका सकाळीं धुऊन टाकिली! त्यांत नळाच्या पाण्यांतील क्लोरीनची भर पडली. आपणांस रोगजंतूंपासून वांचविणारें हें द्रव्य माशाचे कल्ले भाजून काढितें.

तेव्हां सारें पाणी एकदम बदलूं नये. आठवड्यास चौथा हिस्सा पुरे. नवें पाणी रुंद तोंडाच्या भांड्यांत एक दिवस उघडें ठेवावें, म्हणजे क्लोरीन उडून जातो व पाणी खोलीइतकें कोंबट होतें. जेथें पाण्यांत क्लोरामाइन घालितात तेथें हा उपाय चालत नाहीं. सोडिअम थायोसल्फेटयुक्त औषध घालावें लागतें. स्पंज भांड्यांतून काढलेल्या पाण्यांतच हलक्या हातानें पिळावा. दोन मिनिटांत संपेल इतकेंच खाद्य घालावें, आणि भांडें होईल तितकें मोठें घ्यावें.

ह्याप्रमाणें रोज थोडें पाणी बदलीत गेल्यावर उरलेला मासा वांचला. चूक आमची होती, हें आम्हीं नातवास सांगितलें. संस्कृतांत पाण्यास 'जीवन' म्हणतात, हें आम्हीं कित्येक वर्षें मुलांकडून पाठ करविलें. त्याचा अर्थ मात्र ह्या उतारवयांत एका माशानें शिकविला.