मनोऱ्याआधीची उड्डाणे : जुहूचा चिखल, जव्हारचे डोंगर आणि वैमानिकाची शिस्त

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून सकाळी निघालेले एक छोटेसे पस मॉथ विमान अहमदाबादला इंधन घेऊन मुंबईकडे वळले. शेवटच्या टप्प्यात उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला डहाणू-पालघरची सखल पट्टी आणि तिच्या मागे जव्हार-मोखाड्याचे डोंगर. वैमानिक होते जे. आर. डी. टाटा. दुपारी ते जुहूला उतरले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपालाच्या थैल्या बेल्लारीमार्गे मद्रासला नेल्या. भारतीय नागरी विमानसेवेचा इतिहास बहुधा याच दिवसापासून सांगितला जातो.

डोंगरांत तेव्हा जव्हार हे स्वतंत्र संस्थान होते. गादीवर होते अल्पवयीन यशवंतराव मुकणे. पुढे हेच राजे हवाई दलात गेले आणि फ्लाइट लेफ्टनंट या हुद्द्याने ओळखले गेले. संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. सह्याद्रीच्या कुशीतील या छोट्या राज्याचा शेवटचा अधिपती वैमानिकांच्या पिढीतला होता, ही गोष्ट पालघर जिल्ह्यातही फार थोड्यांना ठाऊक असते.

टाटांचे ते उड्डाण आज धाडसाची कथा म्हणून रंगवले जाते. धाडस होतेच, परंतु भर चुकीच्या जागी पडतो. एकदा उडून दाखवणे त्या काळातही अनेकांनी केले होते. अवघड होते ते पुढच्या आठवड्यात, त्याच्या पुढच्या आठवड्यात, त्याच वेळेला पुन्हा निघणे. या सेवेने पहिल्या वर्षात सुमारे १,६०,००० मैल उड्डाण केले आणि वक्तशीरपणा राखला शंभर टक्के. सरकारच्या नागरी विमान खात्याने त्याची मुद्दाम प्रशंसा केली. विमानात रेडिओ नव्हता, जमिनीवर दिशा दाखवणारे उपकरण नव्हते, बांधीव धावपट्टीही नव्हती. जुहू म्हणजे समुद्राकाठचा चिखलाचा सपाट तुकडा. पावसाळ्यात तो पाण्याखाली जाई, म्हणून साऱ्या सेवेचे बिऱ्हाड पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलवावे लागे.

अशा ठिकाणी ‘आता निघा’ असे सांगणारे कोणी नव्हते. वाऱ्याची दिशा पाहायची, मैदान कोरडे आहे का, मध्ये गुरे आहेत का हे तपासायचे, आकाशाच्या चारही कडा न्याहाळायच्या, इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि मग वाऱ्याला सामोरे जाऊन उडायचे. नियंत्रक, निरीक्षक आणि चालक हे तिघेही एकाच खुर्चीत बसलेले असत.

ही शिस्त कोणा एका प्रतिभावंताने रचली नाही. ती मृत्यूंनी शिकवली. ७ एप्रिल १९२२ रोजी फ्रान्सच्या पिकार्डी प्रांतात एक ब्रिटिश टपालविमान आणि समोरून येणारे एक फ्रेंच प्रवासी विमान समोरासमोर आदळले. दोघांनीही धुक्यात खालचा एकच रस्ता धरला होता. सात जण गेले. त्यानंतर मार्गाची उजवी बाजू धरण्याचा दंडक ठरवण्यात आला. भारतात १९३४ चा विमान अधिनियम आणि १९३७ ची विमान नियमावली आली. तिच्या चौथ्या परिशिष्टात आकाशातील वाहतुकीचे नियम लिहिले गेले. मनोरा असो वा नसो, ते पाळायचेच.

आजही मनोरा नसलेल्या धावपट्टीवरून निघणारा वैमानिक जवळजवळ तेच करतो. भर पडली आहे ती रेडिओची. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आधी ऐकायचे. मग विमानतळाचे नाव, धावपट्टी, आपला मनसुबा आणि निघाल्यावर वळण्याची दिशा मोठ्याने जाहीर करायची. कोणी उत्तर देईलच असे नाही. ढगांतून जायचे असल्यास दूरच्या नियंत्रण केंद्राची परवानगी आधी घ्यावी लागते.

मग डोंगर. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार उड्डाणानंतरची किमान चढण ३.३ टक्के धरतात, म्हणजे एक किलोमीटर अंतरात ३३ मीटर उंची. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे. किनाऱ्यावरून निघालेल्या विमानाला तेवढी उंची गाठायला साधारण १४ किलोमीटर लागतील. मोखाड्याच्या पलीकडे त्र्यंबकच्या बाजूला अंजनेरी उभी आहे जवळपास १,२८० मीटर. तिथे हेच अंतर ३९ किलोमीटरवर जाते, आणि ही केवळ माथ्याची बरोबरी झाली, माथ्यावर राखायची मोकळी उंची वेगळीच. पावसाळ्यात हे सारे कडे ढगांत बुडालेले असतात. कोणत्या दिशेने, किती चढून, कुठे वळायचे हे आधी कागदावर ठरलेले नसेल, तर मनोऱ्यातून दिसणार तरी काय? ७ जुलै १९६२ रोजी मुंबईला येणारे अलितालियाचे विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि ९४ जण मृत्युमुखी पडले. मुंबईत तेव्हा नियंत्रण कक्ष होता. विमान वेळेआधीच खाली येऊ लागले होते.

म्हणून ‘मनोरा नाही, म्हणजे रामभरोसे’ हा निष्कर्ष उतावळा आहे. पण उलट टोकही तितकेच चूक. १९ नोव्हेंबर १९९६ रोजी अमेरिकेतील क्विन्सी या मनोराविरहित विमानतळावर एक प्रवासी विमान उतरत होते. त्याच्या वैमानिकांनी आपण येत असल्याचे पुन्हा पुन्हा जाहीर केले, धावपट्टीच्या टोकाशी उभ्या असलेल्या विमानाला ‘थांबणार ना?’ असेही विचारले. उत्तर आले ते भलत्याच, मागे उभ्या असलेल्या तिसऱ्या विमानातून. टोकावरचे विमान आडव्या धावपट्टीवरून उड्डाणासाठी धावू लागले. दोन्ही धावपट्ट्यांच्या छेदावर टक्कर झाली. दोन्ही विमानांतील सर्व १४ जण गेले. उड्डाण करणाऱ्यांनी फ्रिक्वेन्सीकडे आणि आकाशाकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते, असे चौकशीत ठरले.

मनोऱ्याचे खरे मोल इथे कळते. तो शिस्तीची जागा घेत नाही. एकाची चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतण्याआधी पकडणारी ती डोळ्यांची दुसरी जोडी असते. नियमित प्रवासी सेवा जिथे सुरू होईल, तिथे ही जोडी मागण्यात काहीही वावगे नाही.

‘उडान’ योजनेने जळगाव, नांदेडसारख्या शहरांत विमाने नेली. वाढवण बंदराबरोबर पालघरच्या किनाऱ्यावरही विमानतळाची चर्चा आहे. अशा प्रत्येक घोषणेत धावपट्टीची लांबी आणि इमारतीचे चित्र येते. निघण्याच्या मार्गाचा नकाशा, हवामानाची नोंद ठेवणारा माणूस, रेडिओ ऐकणारे कान यांचा उल्लेख क्वचितच. इतिहासप्रेमी तरुणांनी तळपदे १८९५ मध्ये चौपाटीवर उडाले की नाही यावर घालवलेल्या वेळाचा थोडा तरी भाग जुहूच्या त्या पहिल्या वर्षाच्या नोंदींना द्यावा. तळपदेंच्या उड्डाणाला समकालीन भक्कम पुरावा नाही. जुहूचा हिशेब मात्र टपालाच्या वजनासकट ठेवला गेला होता.