दुधाचा पेला कुणाच्या वाट्याला?

मैत्रिणींनो, गावची जत्रा आली की आपल्या घरात दोन प्रकारची गडबड सुरू होते. आपली गडबड पुरणाची, पाहुण्यांची, नवसाची. पुरुषमंडळींची गडबड फडाची. दुपार कलली की हलगी कडाडते आणि पोरंटोरं हातातलं टाकून तिकडं पळतात. आपण चुलीपाशी बसून नुसत्या आवाजावरून ओळखतो, की नारळाच्या कुस्त्या संपल्या, आता मोठी जोड लागली. मग रात्री पंगतीला वाढताना कुणी कुणाला कसं चितपट केलं ते ऐकायचं. कुस्तीशी आपला संबंध एवढाच, असं आपण धरून चालतो. पण खरंच तो एवढाच आहे का?

आपल्या निलंगा तालुक्यातलं रामलिंग मुदगड तुम्हाला ठाऊक असेल. कुणाचं माहेर असेल, कुणाची नणंद तिथं दिली असेल. हरिश्चंद्र बिराजदार याच गावचे. सगळा महाराष्ट्र त्यांना 'मामा' म्हणायचा. १९६९ साली लातूरला झालेल्या अधिवेशनात ते 'महाराष्ट्र केसरी' झाले. तेव्हा लातूर जिल्हासुद्धा झालेला नव्हता, आपण उस्मानाबादेत मोडत होतो. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा इथं राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. १९७२ मध्ये ते 'रुस्तुम-ए-हिंद' झाले. १९७७ साली बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं, त्या कुस्तीच्या गोष्टी जुनी माणसं आजही रंगवून सांगतात.

पुढं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी शेकडो मुलं घडवली. अर्जुन पुरस्कार मिळवणारे आपल्या लातूरचे काका पवार त्यांचेच शिष्य. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारेही लहानपणी त्यांच्याच हाताखाली तयार झाला. सप्टेंबर २०११ मध्ये मामा गेले. २०१८ साली ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलनं सुवर्णपदक जिंकलं आणि ते मामांना अर्पण केलं. वस्ताद जाऊन साडेसहा वर्षं झाली होती, तरी शिष्य विसरला नव्हता.

हे सगळं ऐकून ऊर भरून येतो. पण पैलवान घडतो कसा, हे कधी घरातल्या बाजूनं बघितलंय का?

पैलवानाला पहाटे चारला उठून जोर-बैठका मारायच्या असतात, माती उकरायची असते, दोन वेळा लढत करायची असते. त्यासाठी खुराक लागतो. दूध, तूप, बदाम, थंडाई, फळं. महिन्याचं गणित मांडलं तर साध्या शेतकऱ्याच्या डोळ्यापुढं अंधारी येते. पोरगं कोल्हापूर-पुण्याच्या तालमीत असेल तर राहण्याचा खर्च वेगळाच. आणि मिळकत? फडावर जिंकला तर इनाम. त्याला ना पगार, ना रजा, ना पेन्शन. गुडघा दुखावला, खांदा निखळला, की तो हंगाम गेला. मोठं नाव झालं तर नोकरी मिळते, पण तशी भाग्यवान मुलं थोडी. बाकीचे या जत्रेतून त्या जत्रेत आपली ताकद घेऊन फिरत राहतात.

हा सगळा डोलारा उभा असतो तो त्याच्या आईच्या जिवावर. म्हशीची धार काढणारी ती, डेअरीला घालायचं दूध हात आखडून मागं ठेवणारी ती, तुपाचा डबा एसटीनं पाठवणारी ती. दुष्काळात कडबा महागला तरी म्हैस विकू देत नाही तीही तीच. फडावर फेटा बांधला जातो वस्तादाला आणि बापाला. त्याबद्दल तिची तक्रारही नसते. लेकराचं नाव झालं, यातच तिला सगळं मिळतं.

पण मैत्रिणींनो, त्याच घरात एक मुलगी असते. शाळेतून आली की भांडी घासते, भावाचा पेला धुऊन ठेवते. तिच्याही मनगटात जोर असतो. शाळेच्या स्पर्धेत ती वरच्या वर्गातल्या मुलीला पाडते. क्रीडाशिक्षक घरी सांगत येतात, 'पोरगी चांगली आहे, शिकवा.' आणि घरातून उत्तर येतं, 'काय करायचंय गुरुजी तिला पैलवान करून? उद्या परक्याच्या घरी जायची. कान सुजले, नाक मोडलं तर करून कोण घेईल?' खरं सांगा, हे उत्तर देणारा आवाज दरवेळी पुरुषाचाच असतो का? बरेचदा तो आजीचा असतो, चुलतीचा असतो आणि कधीकधी आपला स्वतःचाही असतो.

बाईनं कुस्ती खेळू नये, असं म्हणणारं जग नवं नाही. १९५० च्या दशकात हमीदा बानू नावाची मूळची उत्तर प्रदेशातली पैलवान पुरुषांशी जाहीर कुस्त्या करायची. 'मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन,' असं तिचं आव्हान होतं. १९५४ साली बडोद्यात बाबा पैलवानाला तिनं १ मिनिट ३४ सेकंदांत हरवलं. इनामाच्या कुस्त्यांवर ती स्वतःच्या हिमतीनं जगली. पण आपल्या महाराष्ट्रात काय झालं? कोल्हापुरात तिनं पुरुषाला हरवल्यावर तिच्यावर दगड आले. पुण्यातली तिची कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. पुढं कल्याणला दूध आणि खाण्याचे पदार्थ विकून तिनं दिवस काढले, असं तिच्या घरचे सांगतात. जिच्या ताकदीच्या बातम्या छापून येत होत्या, तिच्या म्हातारपणाची खबरसुद्धा कुणी घेतली नाही. ४ मे २०२४ ला गुगलनं तिचं चित्र लावलं, तेव्हा आपल्यातल्या कित्येकींनी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

आता काळ बदलतोय हेही खरं. २००४ पासून ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती आहे. २०१६ ला साक्षी मलिकनं कांस्यपदक आणलं. जपानच्या मुलींनी तर या खेळावर राज्य केलं. काओरी इचोनं लागोपाठ चार ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवलं. तीन वेळा सुवर्ण मिळवणाऱ्या साओरी योशिदाला तिच्या वडिलांनी लहानपणी घरच्याच आखाड्यात शिकवलं. म्हणजे सुरुवात तिथंही घरातूनच झाली! त्याच जपानच्या युई सुसाकीला, जी तोवर आंतरराष्ट्रीय कुस्ती कधी हरलीच नव्हती, आपल्या विनेश फोगाटनं २०२४ ला पॅरिसमध्ये हरवलं. दुसऱ्या दिवशी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि विनेश बाद झाली. त्या दिवशी आपल्या घरांतूनही बायका हळहळल्या होत्या.

आपल्या राज्यात 'महाराष्ट्र केसरी' १९६१ साली सुरू झाली. मुलींची 'महाराष्ट्र केसरी' व्हायला मार्च २०२३ उजाडावं लागलं. सांगलीला झालेल्या त्या पहिल्या स्पर्धेत तिथलीच प्रतीक्षा बागडी जिंकली आणि चांदीची गदा मुलीच्या खांद्यावर आली. मधे गेली बासष्ट वर्षं!

त्याच वर्षाच्या जानेवारीत दिल्लीत जंतरमंतरवर महिला पैलवान छळाच्या तक्रारी घेऊन बसल्या होत्या, हेही विसरून चालणार नाही. मुलीला आखाड्यात पाठवताना आईच्या पोटात गोळा येतो तो उगाच नाही. पण त्यावर उपाय मुलीला घरात कोंडणं हा नव्हे. शिकवायला बाई असावी, कपडे बदलायला वेगळी खोली असावी, तक्रार करायला जागा असावी आणि आईला केव्हाही येऊन बघता यावं. हे आपण ठणकावून मागितलं पाहिजे.

आणखी दोन गोष्टी आपल्या गावातच करता येतील. जत्रेच्या पत्रिकेत मुलींच्या दोन-चार कुस्त्या छापा आणि इनाम मुलांइतकंच लावा, असं यात्रा कमिटीला सांगायचं. बचत गटाच्या दहाजणी एकदम गेल्या तर कमिटीला ऐकावं लागेल. आणि त्या दिवशी पुरण जरा लवकर उरकून आपणही फडाला जाऊन बसायचं. पोरीनं शड्डू ठोकला आणि समोर आई, मावशी, काकू बसलेल्या दिसल्या, तर तिला किती बळ येईल!

रामलिंग मुदगडसारख्या छोट्या गावातून एक पोरगा एडिंबराला जाऊन सोनं घेऊन आला. ती माती मुलगा-मुलगी ओळखत नाही. ओळखतो तो आपला हात, संध्याकाळी दूध ओतताना. आज दूध तापलं की दोन पेले सारखे भरा. तिला पैलवान व्हायचं नसेल तरी भरा. अंगात ताकद तर येईल! आणि व्हायचं असेल, तर गुरुजी पुढच्या वेळी दारात येतील तेव्हा उत्तर तुम्ही द्या.