हाकेला ओ देण्याचं काम कुणाचं?

‘ऐकू येत नाही’ आणि ‘ऐकत नाही’ यांतला फरक आपल्या घरांना कळत नाही, असं नाही. बरोब्बर कळतो. आमच्याकडे पहिलं वाक्य सासऱ्यांना लागू आहे, दुसरं सासूबाईंना. सासऱ्यांचं ऐकणं वयानुसार कमी झालं तेव्हा सगळं घर मोठ्यानं बोलू लागलं आणि महिन्याभरात कानाचं मशीन आलं. सासूबाईंबद्दल मात्र ‘तिला सोयीचं तेवढं ऐकू येतं’ हा विनोद गेली चार वर्षं चालू आहे.

मलाही दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. ओटोस्क्लेरॉसिस. मधल्या कानातलं रिकिबीच्या आकाराचं इवलंसं हाड जखडतं आणि आवाज नीट आत पोचत नाही. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार जास्त आढळतो, तोही बहुधा ऐन उमेदीत. यात स्वतःचा आवाज स्वतःला मोठा वाटतो, म्हणून माणूस हळू बोलतो. माझ्या हळू बोलण्याचं सासरी फार कौतुक झालं, ‘सून किती सोज्वळ!’ कारण कळल्यावर कौतुक ओसरलं. आता गमती होतात. नवरा आतून ‘दार लाव’ म्हणतो आणि मी डाळ लावते. हसायला माझी हरकत नाही, मीही हसते. पण सगळे हसत असताना ‘काय झालं?’ विचारलं की ‘काही नाही गं’ असं जे उत्तर येतं ना, त्याचा संताप येतो. पाच माणसांत बसवून एकटं पाडण्याचा इतका सभ्य मार्ग दुसरा नसेल.

मैत्रिणींनो, घराचे कान म्हणजे बाई, असंच सगळे धरून चालतात. कुकरच्या शिट्ट्या तिनं मोजायच्या, पहाटे नळाला पाणी आल्याचं तिला कळायचं, बाळ कुरकुरलं की तिनं उठायचं, कुठल्याही खोलीतून हाक आली की तिनं ओ द्यायची. याला काम कुणी म्हणत नाही. ते चुकलं की मात्र ‘तुझं लक्ष कुठे असतं?’

याचं भयानक टोक आमच्या सल्ला केंद्रात दिसतं. ‘हाक मारली तर मुद्दाम ओ देत नाही’ ही मारहाणीची सबब असते. आणि मारतात कुठे? कानाखाली. थपडेनं पडदा फाटू शकतो. लहान भोक बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरतं. पण पाणी जाऊन पू झाला, पुन्हा मार बसला, तर तसंच राहतं. मग तिला आणखी कमी ऐकू येतं, मग आणखी मार. ‘कानाखाली वाजवीन’ हे आपण अजून गमतीनं म्हणतो!

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दोन्ही कानांत ६० डेसिबलची हानी झाल्यावर दखल घेतो. स्वयंपाकघरातून हाक ऐकू न यायला ४० डेसिबलही पुरतात.

ओरडून उपयोग नाही. वयाच्या बहिरेपणात स, फ, थ अशी बारीक व्यंजनं हरवतात. ओरडल्यानं स्वर तेवढे मोठे होतात. समोर येऊन बोला, मिक्सर बंद करा, कळलं नाही तर दुसऱ्या शब्दांत सांगा. आणि ज्यांचे दोन्ही कान धड आहेत त्यांनी शिट्ट्या मोजाव्यात.

सासूबाईंची तपासणी या महिन्यात ठरली आहे. मशीनची किंमत कळल्यापासून घरात ‘आता या वयात कशाला?’ सुरू झालंय. सासरे त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे आहेत.