अस्तराचें माप व पत्र्याचें माप

मावळ तालुक्यांत गुलाबाची शेती आतां नवी राहिलेली नाहीं. तळेगांव दाभाडे येथील फ्लोरिकल्चर पार्कमध्यें व भोंवतालच्या गांवीं हरितगृहें उभीं आहेत, आणि फेब्रुवारीच्या मध्यावरील मागणीसाठीं येथील फूल परदेशीं जातें. खुडलेलें फूल थंडाव्यांत ठेवलें पाहिजे, हें आमच्या बागाइतदारांस सांगावयास नको. परंतु प्रतवारीच्या व साठवणीच्या खोल्यांस थंड हवा पोंचविणारे जे पत्र्याचे नळ, ज्यांस कारागीर डक्ट म्हणतात, त्यांच्या मापाकडे फारच थोड्यांचें लक्ष असतें.

अस्तराचा कोट शिवणारा शिंपी अस्तराची जाडी धरूनच कापड बेततो. डक्टाच्या आंत उष्णतारोधक अस्तर लावावयाचें असतां हाच न्याय लागू आहे. अस्तर किती जाड असावें हें हवेच्या थंडाव्यावर ठरावें. येथें हिशेबापुरतें १ इंच धरूं. हवेस १२ बाय १२ इंचांचें मोकळें तोंड हवें असेल, तर पत्रा १४ बाय १४ इंचांचा पाहिजे. पत्राच १२ इंचांचा केला, तर मोकळें तोंड १० बाय १० इंच राहतें. म्हणजे १४४ चौरस इंचांचे १०० झाले. तितकीच हवा त्यांतून लोटावयाची तर तिचा वेग जवळजवळ दीडपट व पंख्यावरील दाब दुपटीहून अधिक होतो. पंखा तेवढ्या ताकदीचा नसेल तर हवाच कमी येते, आणि खोलीच्या टोंकाकडील फुलें ऊन राहतात. विजेचें बिल मात्र चुकत नाहीं.

सरळ नळापेक्षां वळणांत व फांट्यांत हा दोष अधिक होतो. कारण तेथें अस्तर हातानें कापून बसवावें लागतें. वरील नळाच्या काटकोनी वळणाची आंतील मोकळी त्रिज्या १२ इंच हवी असेल, तर आंतला पत्रा ११ इंच त्रिज्येवर व बाहेरचा २५ इंचांवर वळवावा लागतो. बाहेरच्या बाजूची अस्तराची पट्टी पत्र्याच्या लांबीनें, म्हणजे सुमारें ३९। इंच कापावी, मोकळ्या बाजूचें ३७।।। इंच माप धरल्यास दीड इंच पत्रा उघडा पडतो. वरखालचे तुकडे पत्र्याच्या पुऱ्या मापाचे घ्यावेत, व बाजूच्या पट्ट्या त्यांच्यामध्यें घट्ट बसतील अशा १२ इंच रुंदीच्या घ्याव्यात. कांठ गोंदानें बंद करावेत.

दीड इंचाची एवढी मातब्बरी ती काय, असें कोणी म्हणेल. लोणावळ्याच्या पट्ट्यांत वर्षास सुमारें चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेस तळेगांवाकडे तो बराच कमी असला, तरी आषाढ-श्रावणांत हवा सर्वत्र ओलीच असते. अशा हवेचें तपमान २५ अंश व आर्द्रता ९० टक्के असली, तर सुमारें २३ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी सुटतें. उघड्या राहिलेल्या पत्र्यास घाम येतो, थेंब खालच्या जुड्यांवर पडतात, आणि पाकळीवर साचलेलें पाणी हेंच बोट्रायटिस नांवाच्या करड्या बुरशीचें माहेर. काचलोकरीचें अस्तर भिजलें म्हणजे त्याचा उष्णतारोधही जातो. सबब ओलसर जागीं बंद छिद्रांचें रबरी अस्तर बरें.

हीं कामें पुष्कळदां हिवाळ्यांत, फेब्रुवारीच्या हंगामापूर्वीं उरकलीं जातात. त्या वेळीं हवा कोरडी असते, पत्र्यास घाम येत नाहीं, आणि मालक समाधानानें पैसे चुकते करतो. दोष दिसतो तो पावसाळ्यांत. तोंवर नळ छतास टांगलेला असतो. म्हणून काम डोळ्यांनीं पाहून नव्हे, तर मापून घेतलें पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मोठ्या पत्र्यास खर्च अधिक, हा आक्षेप खरा आहे. परंतु घेर ४८ इंचांवरून ५६ इंच होतो. म्हणजे पत्रा षष्ठांशानें वाढला. हा खर्च एकदांच, आणि विजेचा भुर्दंड दरमहा. छताखालीं उंची नसेल तर पत्रा १२ इंच उंच व साडेसोळा इंच रुंद करावा. मोकळें क्षेत्र तेवढेंच राहतें.

यांत कारागिरांस दोष देणें अन्यायाचें होईल. मागणीपत्रांत नुसतें '१२ बाय १२' लिहिलें, तर त्यानें तें पत्र्याचें समजावें कीं मोकळ्या तोंडाचें? सभासदांनीं यापुढें प्रत्येक मागणीपत्रांत मोकळ्या तोंडाचें माप, अस्तराची जाडी व पत्र्याचें माप हीं तिन्ही निरनिराळीं लिहावींत. आणि प्रत्येक वळण व फांटा वर चढविण्यापूर्वीं, त्याचीं दोन्ही तोंडें उघडीं असतांनाच, टेप लावून तपासावा. अर्ध्या तासाचें हें काम आहे. त्यावांचून शेवटचा हप्ता देऊं नये.