विश्लेषण : सूर्यमाला कशी जन्मली? जुने सोपे उत्तर आता अपुरे का ठरते?

सूर्याजवळ लहान खडकाळ ग्रह, पलीकडे मोठे वायूचे ग्रह, ही रचना शाळेपासून इतकी परिचयाची आहे की ती अटळ वाटते. मात्र गेल्या तीन दशकांतील शोधांनी या समजुतीला धक्का दिला आहे.

मूळ सिद्धांत काय सांगतो?

वायू आणि धुळीच्या फिरत्या ढगातून सूर्यमाला निर्माण झाली, ही कल्पना इमॅन्युएल कान्ट यांनी १७५५ मध्ये आणि लाप्लास यांनी १७९६ मध्ये मांडली. ढग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसत गेला, तसा तो अधिक वेगाने फिरू लागला आणि तबकडीसारखा चपटा झाला. मध्यभागी सूर्य तयार झाला. सूर्यमालेचे सुमारे ९९.८ टक्के वस्तुमान त्याच्याकडेच आहे. उरलेल्या मूठभर द्रव्यातून ग्रह घडले. सर्व ग्रह जवळपास एकाच प्रतलात आणि एकाच दिशेने फिरतात, ते यामुळेच.

ग्रहांचे दोन प्रकार का?

सूर्याजवळच्या उष्णतेत फक्त धातू आणि खडकांची खनिजे घनरूपात टिकली. ठरावीक अंतरापलीकडे, म्हणजे हिमरेषेपलीकडे, पाण्याचा बर्फही टिकला. तेथे बांधकामाचे साहित्य मुबलक होते. त्यामुळे गुरूचा गाभा झपाट्याने वाढला आणि त्याने हायड्रोजन, हेलियम ओढून घेतले. तबकडीतला वायू काही दशलक्ष वर्षांतच विरून गेला. खडकाळ ग्रह मात्र त्यानंतरही कोट्यवधी वर्षे धडका खात वाढत राहिले. मंगळाएवढ्या पिंडाने तरुण पृथ्वीला धडक दिली आणि त्यातून चंद्र बनला, हे सर्वाधिक मान्य मत आहे. चंद्र सुरुवातीला वितळलेल्या खडकाच्या महासागराने वेढलेला होता, या गृहीतकाला ‘चांद्रयान-३’च्या प्रज्ञान रोव्हरने केलेल्या मातीच्या तपासणीतून २०२४ मध्ये बळ मिळाले.

वय कसे कळले?

पृथ्वीने आपल्या जन्माचा पुरावा स्वतःच पुसला आहे. भूपट्टांच्या हालचाली आणि झीज यांमुळे सुरुवातीचे खडक उरले नाहीत. ऑस्ट्रेलियातील झिरकॉनचे सर्वांत जुने कण सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत. त्याआधीचा इतिहास अशनींमध्ये सापडतो. मेक्सिकोत १९६९ मध्ये पडलेल्या आयेंदे अशनीतील पांढरे ठिपके हे सूर्यमालेतील सर्वांत जुन्या घन पदार्थांपैकी आहेत. युरेनियमचे शिशात रूपांतर होण्याच्या वेगावरून अशा ठिपक्यांचे वय सुमारे ४५६.७ कोटी वर्षे ठरते.

मग चित्र कुठे बिघडले?

‘५१ पेगासी बी’ या १९९५ मध्ये सापडलेल्या ग्रहापासून. गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा हा ग्रह आपल्या ताऱ्याभोवती अवघ्या ४.२ दिवसांत फिरतो. इतक्या जवळ असा ग्रह घडणे कठीण. म्हणजे ग्रह जेथे जन्मतात तेथेच राहतात असे नाही, हे मान्य करावे लागले. आपल्याकडेही गुरू आणि शनी यांनी जागा बदलल्या असाव्यात, असे अनेक संशोधक मानतात. २०१४ मध्ये चिलीतील ‘अल्मा’ दुर्बिणीने ‘एचएल टाउरी’ या अतितरुण ताऱ्याभोवतीच्या तबकडीत स्पष्ट रिकामी कडी टिपली. ग्रहनिर्मिती अपेक्षेपेक्षा फार लवकर सुरू होते, याचा तो संकेत मानला जातो. पुढे २०२५ मध्ये ‘हॉप्स-३१५’ या बालताऱ्याभोवती तप्त वायूतून पहिली खनिजे घनरूप होताना दिसली.

याला इतके महत्त्व का?

प्रश्न पृथ्वी किती दुर्मीळ आहे, हा आहे. इतर ताऱ्यांभोवती पृथ्वीपेक्षा मोठे आणि नेपच्यूनपेक्षा लहान असे ग्रह सर्रास आढळतात. आपल्याकडे तसा एकही नाही. जवळून फिरणारे ग्रह शोधणे सोपे असल्याने ही यादी एकांगी आहे, हे खरे. तरीही आपली सूर्यमाला हाच नमुना, असे आता गृहीत धरता येत नाही. नियम सर्वत्र तेच आहेत, पण कोणता ग्रह कधी आणि कुठे सरकला यावर निकाल बदलतो. पाठ्यपुस्तकांनीही हे सांगायला हवे. सूर्यमालेचा जन्म हा सुटलेला धडा नसून अजून तपास सुरू असलेले प्रकरण आहे.