तपासणी रोगाची की माणसाची?

वार्षिक अंकासाठी मी हा विषय सांगितला तेव्हा वर्गातले काही मित्र हसले. जंतू आणि जनुके हा विज्ञान शाखेचा प्रांत. कला शाखेच्या विद्यार्थ्याने तेथे कशाला शिरावे, असे त्यांचे म्हणणे. मला मात्र वाटते की, संसर्गजन्य रोगांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांची वाटचाल आपणही बारकाईने वाचायला हवी. त्यांचे निम्मे काम प्रयोगशाळेत चालते हे खरे. पण उरलेले निम्मे माणसाला प्रश्न विचारण्यात जाते आणि ते आपल्या अभ्यासाला फारसे परके नाही.

डॉ. सुनीती सॉलोमन यांचेच पाहा. त्या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतील मराठी कुटुंबातल्या. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत. एड्स हा परक्या देशांचा रोग, आपल्या संस्कृतीत त्याला थारा नाही, असे त्या काळी पुष्कळांना वाटे. सॉलोमनबाईंनी ही समजूत तपासून पाहायचे ठरविले. त्यांची विद्यार्थिनी निर्मला हिने वेश्याव्यवसायातील स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले. १९८६ साली त्यांतील काही नमुने बाधित निघाले आणि एचआयव्ही भारतात आल्याचे प्रथमच सिद्ध झाले. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने संस्था काढून, समाजाने दूर लोटलेल्या या रुग्णांवर त्यांनी उपचार सुरू केले.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. डॉ. रमण गंगाखेडकर यांना २०२० मध्ये कोरोनाच्या पत्रकार परिषदांतून साऱ्या देशाने पाहिले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु त्यांचे एक मोठे काम त्याआधीचे आहे. भोसरीच्या एड्स संशोधन संस्थेत असताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. १९९७ साली तो अमेरिकेतील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे चौदा जणी बाधित होत्या. त्यांतील बहुतेक विवाहित आणि नवऱ्याखेरीज कोणाशीही संबंध नसलेल्या! दोष बाईच्या चारित्र्याचा, असे म्हणणाऱ्यांना याहून सडेतोड उत्तर कोणते? रक्ताने 'बाधित' एवढेच सांगितले. ते कोठून आले, हे त्या बायकांशी बोलल्यावरच कळले.

आज तपासणीचे शास्त्र फार पुढे गेले आहे. थुंकीच्या नमुन्यातील क्षयजंतूची जनुके ओळखून, त्यावर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही, हेही यंत्र सांगते. गोव्यातील कंपनीने तयार केलेले 'ट्रूनॅट' हे असे यंत्र बॅटरीवर चालते आणि सुमारे तासाभरात क्षयाचे निदान करते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची शिफारस केली. छोट्या आरोग्य केंद्रांतही वापरता यावे, असेच ते घडविले आहे.

पण यंत्राला एक तास पुरतो; यंत्रापर्यंत पोचायला आमच्या माणसाला महिने लागतात. भोर तालुक्यातील आमच्या भोंगवलीकडे अजूनही लग्नाच्या मुलीचा खोकला घरातले लपवितात. कर्ता पुरुष रोज बुडेल म्हणून दवाखान्यात जात नाही. म्हातारी 'आता माझं काय राहिलंय' म्हणून गप्प बसते. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, हेही अनेक घरांत ठाऊक नसते. कागद हाती आलाच, तर त्यावरची इंग्रजी कोणी उलगडून सांगत नाही. शास्त्र येथे येऊन अडते, आणि येथून पुढचे काम प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ एकटा कसे करणार?

म्हणून माझी एक सूचना आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, ते चालू द्यावे. पण त्यातले दोन दिवस घरोघर जाऊन, दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्यांना तपासणीला नेण्यासाठी ठेवावेत. आरोग्यसेविका आणि आशाताई सोबत असाव्यात. मराठी विभागाने सोप्या भाषेत माहितीपत्रक लिहावे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लोक खोकला का लपवितात याची नोंद करावी, मात्र कोणाचे नाव बाहेर फुटणार नाही याची काळजी घेऊन.

मित्रहो, आपल्यापैकी कोणी जनुके वाचणार नाही. पण ज्या घरात खोकला लपविला जातो, त्या घरची भाषा आपल्याला येते. प्राध्यापकांनी येत्या शिबिराआधी या सूचनेचा विचार करावा, एवढीच विनंती.